३० डॉलर, तीन मजले आणि एक दिवस: न्यूयॉर्कच्या मोमाला जाण्यापूर्वी

न्यूयॉर्कमधील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले ‘मोमा’, मी दोन वेळा पाहिले आहे. त्यांपैकी पहिली भेट निम्मी वाया गेली आणि तिचा दोष सर्वस्वी माझा होता. शनिवारी दुपारी एकच्या सुमारास मी आत शिरलो, खालच्या दालनांपासून सुरुवात करून दिसेल ती पाटी वाचत वर चढत राहिलो, आणि ज्या पाचव्या मजल्यासाठी मुळात तिकीट काढले होते तिथे पोहोचेपर्यंत पायांचे तुकडे पडले होते व बंद होण्याची वेळ जवळ आली होती. दुसऱ्या खेपेस आदल्या रात्री तासभर बसून आखणी केली. पुढील मजकूर मुख्यतः त्या दुसऱ्या भेटीवर बेतलेला आहे.

प्रौढांचे तिकीट ३० डॉलरचे आहे, ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना सवलत मिळते, तर १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना पैसे पडत नाहीत. भाव चढा आहे यात शंका नाही. म्हणूनच दोन तासांत उरकण्याच्या बेताने इथे जाऊ नये. सकाळी साडेदहाला दारे उघडतात आणि सायंकाळी साडेपाचला बंद होतात, शुक्रवारी मात्र साडेआठपर्यंत उघडे असते. शुक्रवारी सायंकाळचा विनामूल्य प्रवेश न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, ही अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, वेळ निवडून काढावे. पहिल्या भेटीच्या वेळी मी एका मध्यस्थ संकेतस्थळावर ‘रांग टाळा’ या शब्दांना भुललो आणि वरचे पैसे मोजून तेच तिकीट घेतले. ई मार्गावरच्या भुयारी गाडीने फिफ्थ अॅव्हेन्यू आणि ५३व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले की संग्रहालय चालत दोन-चार मिनिटांवर आहे.

खरी आखणी मजल्यांची करावी लागते. पाचव्या मजल्यावर १८८० ते १९४० च्या दशकांतील कला आहे, चौथ्यावर १९४० ते १९७० च्या दशकांतील आणि दुसऱ्यावर तेव्हापासून आजपर्यंतची. उरलेल्या मजल्यांवर बदलती प्रदर्शने भरतात. म्हणजे इमारतीत वरून खाली उतरत आले की काळ आपोआप पुढे सरकतो, आणि माझ्यासारखे खालून वर गेले की नातवापासून पणजोबांकडे जाणारी वंशावळ वाचल्यासारखे होते. २०१९ च्या विस्तारानंतर चित्रे, शिल्पे, छायाचित्रे आणि वस्तुरचना यांना वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता एकाच दालनात शेजारी मांडण्याची पद्धत आली. हा बदल मला पटला, जरी त्यामुळे एखादी ठरावीक कलाकृती शोधणे थोडे अवघड झाले असले तरी.

शोधण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट. १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, एका कार्यालयीन इमारतीतील भाड्याच्या खोल्यांत सुरू झालेल्या या संस्थेचा संग्रह आता सुमारे दोन लाख कलाकृतींवर गेला आहे, आणि एका वेळी भिंतीवर त्यांचा अगदी लहानसा अंश असतो. दालनांची मांडणीही अधूनमधून पालटते. संग्रहात असणे निराळे आणि भिंतीवर असणे निराळे, हे ध्यानात न घेता गेलेला माणूस हमखास हिरमुसतो. २०२३ च्या उन्हाळ्यात तर व्हॅन गॉगचे ‘द स्टारी नाइट’ हेच चित्र शहरातल्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रदर्शनासाठी तिकडे गेले होते. पिकासोचे ‘गेर्निका’ पाहण्यासाठी मोमाला जाण्याचा बेत कुणी आखत असेल, तर ते १९८१ मध्येच स्पेनला गेले, हे सांगून ठेवतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बहुतेक कलाकृतींच्या नोंदीत ती सध्या प्रदर्शित आहे की नाही आणि असल्यास कोणत्या मजल्यावरील कितव्या क्रमांकाच्या दालनात आहे, हे दिलेले असते. आपल्याला हव्या असलेल्या आठ-दहा कलाकृतींचे दालन क्रमांक कागदावर उतरवून घेतले, तर त्या कागदाइतका उपयोगी मार्गदर्शक दुसरा नाही.

दुसऱ्या भेटीत मी दार उघडताच थेट पाचव्या मजल्यावर गेलो. ‘द स्टारी नाइट’समोर तेव्हा माझ्याखेरीज सहा-सात जण होते, तासाभराने परत डोकावलो तर उंचावलेल्या मोबाइलांच्या भिंतीपलीकडे चित्राचा वरचा काठ तेवढा दिसत होता. १८८९ चे हे चित्र साधारण ७४ बाय ९२ सेंटिमीटरचे, म्हणजे अपेक्षेपेक्षा लहान आहे. किंचित बाजूला उभे राहून पाहिले की रंगांचे जाड थर वर उचलून आलेले दिसतात, आणि फटकाऱ्यांच्या मधूनमधून रंग न लागलेला कॅनव्हास उघडा राहिलेला दिसतो. ही उघडी जागा छापील प्रतीत मला कधीच जाणवली नव्हती.

आकारांची अशी गंमत या मजल्यावर ठायी ठायी आहे. दालीचे वितळत्या घड्याळांचे १९३१ मधील चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे आहे. डावीकडे खाली पालथ्या पडलेल्या नारिंगी घड्याळावर मुंग्या लगडल्या आहेत, त्या पाहण्यासाठी पुढे वाकावे लागते, आणि गर्दीत वाकायला जागा मिळत नाही, म्हणून हेही चित्र सकाळीच गाठावे. याउलट पिकासोचे १९०७ मधील ‘ले देम्वाझेल दाव्हिन्याँ’ जवळजवळ अडीच मीटर उंच आहे; त्यातील स्त्रिया आपल्याकडे रोखून पाहतात, आणि ते पाहणे सोसण्यासाठी आपल्यालाच चार पावले मागे सरावे लागते. मोनेच्या कमळांच्या चित्राचे तीन फलक मिळून रुंदीला सुमारे पावणेतेरा मीटर भरतात. तिथे बसून मी वीस मिनिटे घालवली आणि दिवसभरातील सर्वांत उत्तम वेळ तोच ठरला.

चौथ्या मजल्यावर अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकचे ‘वन: नंबर ३१, १९५०’ सव्वापाच मीटरहून अधिक रुंद आहे. ते लांबून एकदा आणि अगदी जवळून एकदा, असे दोनदा पाहावे. त्याचेच १९४७ मधील ‘फुल फॅदम फाइव्ह’ प्रदर्शित असल्यास चुकवू नये, कारण त्याच्या रंगाच्या लगद्यात खिळे, बटणे, एक किल्ली आणि सिगारेटीही रुतवलेल्या आहेत. अँडी वॉरहॉल या अमेरिकी चित्रकाराचे सूपच्या डब्यांचे ३२ कॅनव्हास यंत्रातून काढल्यासारखे दिसतात, पण जवळ गेल्यावर डब्याच्या तळाकडची फुलांची नक्षी हाताने ठसे उमटवून काढल्याचे कळते. ठसा कुठे गडद, कुठे फिका.

दुसऱ्या मजल्याविषयी मी भरवशाने बोलू शकत नाही. तिथे अंधाऱ्या खोल्यांत चालणाऱ्या चित्रफिती बऱ्याच आहेत, त्यांची लांबी दाराजवळच्या पाटीवर लिहिलेली असते आणि ती आधी वाचून मग आत जावे, इतकेच सांगतो. ज्यांना समकालीन कलेची ओढ आहे त्यांनी माझा क्रम खुशाल उलटा करावा.

मोठी पिशवी सामानघरात ठेवावी लागते. स्वतःपुरती छायाचित्रे काढता येतात, मात्र फ्लॅश, तिपाई आणि सेल्फीची काठी चालत नाही. ब्लूमबर्ग कनेक्ट्स या विनामूल्य अॅपवर श्राव्य मार्गदर्शन मिळते. त्यासाठी स्वतःचे इअरफोन न्यावेत. ते घरीच विसरलेल्यांचे फोन इतरांच्या कानांवर अत्याचार करतात. दुपारी एक ते दोन बाहेरच्या शिल्पबागेत बसून पायांना विसावा दिला, तर पुढचे दोन तास निभावतात.

माझ्या कागदावरील शेवटचे नाव वासुदेव गायतोंडे यांचे होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेल्या या चित्रकाराचे १९६२ मधील ‘पेंटिंग, ४’ हे तैलचित्र मोमाच्या संग्रहात आहे, परंतु माझ्या दोन्ही भेटींत ते भिंतीवर नव्हते. पहिल्या वेळी मी ते दालनादालनांतून शोधत हिंडलो; दुसऱ्या वेळी नसल्याचे आधीच ठाऊक होते, त्यामुळे तो वेळ मोनेच्या वाट्याला आला. तिसऱ्या भेटीची तारीख मी अद्याप ठरवलेली नाही. त्या चित्राच्या नोंदीत दालन क्रमांक उमटला की ठरवीन.