स्टायलस की बोट: काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

टॅबलेटवर नोट्स काढणं, पीडीएफवर खुणा करणं आणि मराठी हस्तलेखन अशा कामांना बोट आणि तीन तऱ्हांचे स्टायलस (स्क्रीनवर लिहायची पेनं) आलटूनपालटून वापरले. मत सरळ आहे: स्क्रोल, झूम, टायपिंगला पेन लागत नाही, आणि लिहायचं असेल तर रबरी टोकाचं पेन घेऊ नका.

रबरी टोक म्हणजे दुसरं बोटच. टॅबलेटच्या कपॅसिटिव्ह (बोटाचा विद्युत परिणाम टिपणाऱ्या) स्क्रीनला स्पर्श ओळखायला संपर्काची जागा पुरेशी मोठी लागते, म्हणून टोक जाड ठेवतात आणि रेघ कुठे उमटणार ते त्याखालीच झाकलं जातं. पारदर्शक चकतीवाल्या पेनात जागा दिसते, पण चकती पूर्ण टेकली नाही की रेघ तुटते. दाब कळत नाही, तळहात टेकला की नको तिथे रेघोट्या. असल्या पेनावर ‘सर्व टॅबलेटना चालतं’ असं लिहिलेलं असतं. चालतं, बोट चालतं तसंच! बारीक टोकाची, बॅटरीवाली ‘युनिव्हर्सल’ पेनंही बहुतेक बोटाचीच नक्कल करतात.

दाब ओळखणाऱ्या पेनांच्या दोन मुख्य जाती. सॅमसंगच्या एस पेनमध्ये वॅकॉम कंपनीचं ईएमआर तंत्र आहे: डिस्प्लेखालचा वेगळा थर चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि पेनातली कॉइल (तारेचं वेटोळं) त्यावरच चालते. ब्लूटूथवाल्या एस पेनचं चार्जिंग संपलं तरी लिहिणं थांबत नाही, थांबतात ती ब्लूटूथची कामं. ॲपल पेन्सिल स्वतः सिग्नल सोडते, त्यामुळे चार्ज संपला की नुसती काडी. एका जातीचं पेन दुसऱ्या स्क्रीनवर चालत नाही, तेव्हा आधी तुमच्या टॅबलेटला चालणाऱ्या पेनांची यादी बघा, मग पेन.

मराठी लिहिताना फरक लगेच कळतो. बोटाने अक्षर एवढं मोठं काढावं लागतं की ओळीत दोन-तीन शब्द मावतात. अनुस्वाराचा ठिपका कधी उमटत नाही, कधी आडवी रेघ होतो. रफार आणि जोडाक्षरं तर पेनानेच काढावीत. हस्तलेखनाच्या कीबोर्डवर (हाताने काढलेली अक्षरं टाइप करून देणाऱ्या) शिरोरेघ शेवटी द्यायची सवय असेल तर हात थांबवू नका. मध्ये थांबलात की शब्द आधीच चढतो आणि रेघ वेगळं चिन्ह ठरते.

घेण्यापूर्वी एक चाचणी कराच: पट्टी ठेवून तिरपी रेघ अगदी सावकाश ओढा. स्वस्त पेनांत ती नागमोडी येते, कारण सेन्सरच्या तारांच्या जाळीत मधली जागा अंदाजाने काढलेली असते. भरभर लिहिताना हा दोष लपतो, चित्र काढताना नाही. ईएमआर टॅबलेटवर रेघ एकाच जागी वाकत असेल तर मागे दुमडलेल्या कव्हरचं चुंबक तपासा.

जाड टेम्पर्ड ग्लासमुळे टोक आणि रेघ यांत अंतर दिसतं. मॅट फिल्मवर कागदासारखी पकड मिळते, पण टोक लवकर झिजतं. एका बाजूने चपटं झालं की बदला. ॲपल पेन्सिलची रेघ मध्येच तुटू लागली तर आधी टोक फिरवून घट्ट करा, ते सैल होतं.

नोट्सच्या ॲपमध्ये ‘फक्त पेनाने लिहा’ असा पर्याय असेल तर तो पहिल्याच दिवशी चालू करा. मग बोटाने पान सरकतं, पेनाने लिहिता येतं आणि तळहाताच्या रेघोट्याही बंद होतात.