डिजिटल वजनकाटा: बेकिंग करणाऱ्यांनी घ्यावाच

माझा हा ५ किलोचा साधा डिजिटल काटा मला मनापासून आवडलाय. २४० मिलीच्या कपात पाणी २४० ग्रॅम, साखर साधारण २००, मध ३४० च्या आसपास भरतो. मैद्याचा मात्र भरवसा नाही: चमच्याने अलगद भरला तर १२०, कप डब्यात खुपसून दाबून काढला तर १५० सुद्धा. केक दडस होतो तो इथेच! आता भांडं काट्यावर ठेवते, ‘टेअर’ दाबून शून्य करते, मैदा ओतते, पुन्हा शून्य, मग साखर. मधाने बरबटलेला कप घासायची कटकटच नाही. खोट एकच, चिमूट चिमूट यीस्ट टाकलं तर आकडा जागचा हलत नाही. तेवढ्यापुरता मापाचा चमचाच बरा.