ऑफिसातल्या वस्तूंची इंग्रजी नावे : कडीतल्या शब्दकार्डांचा ८ महिन्यांचा अनुभव

तोक्योतील ज्या कार्यालयात मी काम करते, तेथील चार जपानी सहकाऱ्यांना आता परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीतून बोलावे लागते. साधी स्टेशनरी मागतानाही ते अडखळत, म्हणून आम्ही ‘तांगोचो’, म्हणजे एका कडीत ओवलेली छोटी कोरी कार्डे, आणली आणि त्यांवर ६० वस्तूंची नावे लिहिली. गेले ८ महिने जेवणानंतर रोज दहा मिनिटे ती वापरली जात आहेत.

सुरुवातीला एका बाजूला जपानी आणि मागे इंग्रजी शब्द होता. ‘फुसेन’ म्हणजे स्टिकी नोट, ‘गाब्यो’ म्हणजे थंबटॅक, अशा शब्दांना हे पुरले. चुका होत त्या काताकाना या परकीय शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या जपानी लिपीतल्या, म्हणूनच इंग्रजी वाटणाऱ्या शब्दांत. स्टेपलरला तेथे ‘होचिकिसु’ म्हणतात, कारण मेइजी काळात (१८६८ ते १९१२) अमेरिकेहून आलेल्या यंत्रांवर हॉचकिस कंपनीचे नाव होते. मेकॅनिकल पेन्सिलला ‘शार्प पेन्सिल’ म्हणतात. हायाकावा तोकुजी यांनी १९१५ मध्ये अशी पेन्सिल बनवली आणि पुढे त्यांच्या कंपनीलाही शार्प हेच नाव मिळाले. इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र त्यातून टोकदार पेन्सिल एवढेच समजते. झेरॉक्स हा शब्द कंपनीच्या नावावरून आला, हे मराठी बोलताना माझ्याही मनात येत नाही, त्यामुळे त्यांची अडचण मला लगेच उमगली.

तिसऱ्या महिन्यात अशा प्रत्येक कार्डावर फसवा शब्द लाल शाईने लिहून खोडला, आणि खरा फरक तेव्हापासून दिसू लागला. एकेरी शब्दांऐवजी पूर्ण वाक्ये लिहिण्याचाही फायदा झाला. जपानीत कागद मोजताना आकड्यामागे ‘माई’ हा मोजणीचा शब्द लावतात, त्यामुळे ‘अ शीट ऑफ पेपर’ त्यांना सहज जमले. ‘अ पेअर ऑफ सिझर्स’ मात्र अजून चुकते, कारण जपानी ‘हासामी’ आपल्या कात्रीसारखीच एक असते.

कार्डांची भोके दोन महिन्यांत फाटू लागली. त्यांवर गोल चिकटपट्ट्या लावल्यावर ती टिकली. उच्चाराला मात्र या कार्डांचा उपयोग नाही. ‘रूलर’मध्ये र आणि ल दोन्ही येतात, आणि जपानीत हे दोन ध्वनी वेगळे मानले जात नाहीत, म्हणून ते कार्ड मी रोज मोठ्याने वाचते आणि चौघेही माझ्यामागून म्हणतात.