फिजिक्सच्या फीचे ‘हप्ते’ म्हणाले आणि माझ्या नावावर कर्ज काढलं

अकरावी-बारावी सायन्सला मुलं असतील तर हे वाचाच. मुलीच्या फिजिक्सपायी आमच्या गळ्यात १,५४,५०० रुपये पडले. त्यातले १,२०,००० माझ्या नावावरचं कर्ज आहे.

इंटिग्रेटेडचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे: कॉलेज कागदावर, मुलं दिवसभर क्लासमध्ये. डेमो लेक्चरला आलेल्या सरांनी रोटेशनल डायनॅमिक्स असं शिकवलं की मुलगी म्हणाली, “आई, हे सर असतील तर मला जमेल.” ते सर पुन्हा दिसलेच नाहीत.

२८,००० रोख भरले. प्रॅक्टिकल आणि जर्नलचे ६,५०० वेगळे. बाकी “दहा हजारांचे बारा हप्ते, बिनव्याजी”. मग पॅन, आधार, कोरा चेक, माझा फोटो आणि शेवटी ओटीपी. तिथेच उठायला हवं होतं! क्लासच्या हप्त्याला पॅन कार्ड कशाला? मी विचारलंही. “मॅडम, सिस्टिमला लागतं,” एवढंच उत्तर. इंग्रजी करार टॅबवर भराभर वर सरकवला. मागे पालकांची रांग, सगळे तेच करत होते. आम्ही काही फुकट मागत नव्हतो, फी भरत होतो. कोणीही विश्वास ठेवला असता.

दिवाळीनंतर क्लासला कुलूप. सोळापैकी आठ धडे झालेले. करंट इलेक्ट्रिसिटीपासून सेमीकंडक्टरपर्यंत सगळं बाकी. मीटर ब्रिज या प्रयोगाच्या साधनाला हात न लावता जर्नलमध्ये रीडिंग उतरवून घेतलेली. बोर्डात प्रॅक्टिकलला ३० मार्क असतात, ते कशावर मिळवायचे? आणि हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून कापला जातोय, कारण क्लासला फायनान्स कंपनीने सगळे पैसे आधीच देऊन टाकलेत.

कंपनी म्हणते, करार तुमच्याशी आहे. पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. शिक्षण खात्यात सांगितलं, खासगी क्लास आमच्याकडे येत नाहीत. अहो, पण हजेरी तर तुमच्या मान्यतेच्या कॉलेजात लागत होती ना? त्यावर साहेब गप्प. केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की विद्यार्थ्याने क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची. ते कागद पुढे ठेवले तर म्हणे, “या सूचना आहेत, कायदा नाही.” मग काढल्या कशाला? परीक्षा पोरांच्या डोक्यावर आहे, साहेबांच्या नाही.

ओटीपी देऊ नका. कोरा चेक तर मुळीच नाही. फी तिमाही भरा, पावतीवर क्लासचं नाव आणि शिक्का बघा. डेमोवाले सर वर्षभर शिकवणार का, ते लेखी घ्या. कॉलेजची प्रयोगशाळा स्वतः उघडायला लावून बघा. पुस्तक बालभारतीच्या साइटवर फुकट आहे, मुलगी आता त्यावरूनच अभ्यास करतेय.

फसला असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही. मी तक्रार टाकली आहे. त्याच बॅचच्या पालकांनी पावत्या, मेसेज, हप्त्याच्या नोंदी जपून ठेवा आणि आपापली तक्रार टाका. एकटीचं कोणी ऐकत नाही.