टेस्टोस्टेरॉन जेल: इंजेक्शनपेक्षा उजवे, पण जपून वापरण्याचे
सकाळी केलेल्या दोन रक्तचाचण्यांत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) कमी आढळल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेले जेल मी रोज वापरतो. खांद्यावर चोळलेला थर काही मिनिटांत वाळतो. त्याआधीच शर्ट चढवला, तर औषध कापडालाच लागते. दर एक-दोन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनमुळे पातळी आधी चढते आणि पुढच्या मात्रेपर्यंत उतरत जाते. जेलमध्ये असा चढउतार फारसा नसल्याने मला तेच उजवे वाटते. मात्र त्वचेच्या स्पर्शातून ते स्त्रियांच्या वा मुलांच्या शरीरात जाऊ शकते, म्हणून हात साबणाने धुणे आणि ती जागा झाकणे (कंटाळवाणे असले तरी) टाळता येत नाही. शुक्राणूंची निर्मिती जेल आणि इंजेक्शन दोन्हींमुळे घटते, त्यामुळे अपत्य हवे असणाऱ्यांनी क्लोमिफीनसारख्या (शरीराला स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणाऱ्या गोळीच्या) पर्यायाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास उपचार थांबवावा किंवा मात्रा कमी करावी लागते.