सीपीडीसाठी वेबिनार बघावेत की केसवर कमेंट लिहाव्यात?

सीपीडीचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या व्यावसायिक शिक्षणाचे, क्रेडिट भरायची वेळ आली की मेडिकल लॅबमधले ज्युनिअर्स हमखास विचारतात, सर वेबिनारवर भागवू का ते केस-कमेंटवालं, म्हणजे पेशंटचे रिझल्ट बघून डॉक्टरसाठी कमेंट लिहायचं, घेऊ? मी दोन्ही बरीच वर्षं करतोय म्हणून जे वाटतं ते लिहितो, तुमची लॅब वेगळी असेल तर मत वेगळं असू शकतं.

वेबिनारला नावं ठेवणार नाही. नवीन काय आलंय ते कळायला त्याच्यासारखं सोपं काही नाही. ईजीएफआरचं (किडनी किती काम करते त्याचा अंदाज) 2021 चं सीकेडी-ईपीआय समीकरण, ज्यातून वंशाचा फॅक्टर काढून टाकला, किंवा मेडिकल लॅबच्या दर्जाचं मानक आयएसओ 15189 ची 2022 ची आवृत्ती, जिच्यात पॉइंट ऑफ केअर टेस्टिंगच्या (पेशंटजवळच केलेल्या तपासण्यांच्या) अटी पण आत आल्या, असल्या गोष्टी कोणीतरी तासाभरात नीट समजावून सांगितल्या तर खूप वेळ वाचतो. नाइट ड्युटीवाल्यांना तर रेकॉर्डिंगच परवडतं. कॉन्फरन्सला जावं ते माणसं भेटायला, क्रेडिटसाठी नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवतो.

मला खटकतं ते वेबिनारच्या शेवटचं क्विझ. पोटॅशियम 7.8, कॅल्शियम 1.1 मिलिमोल, एएलपी हे एन्झाइम एकदम कमी, आणि खाली चार ऑप्शन, त्यात एक ईडीटीए कंटॅमिनेशन (रक्त गोठू न देणारं, पोटॅशियमवालं केमिकल दुसऱ्या ट्यूबमधून सॅम्पलमध्ये मिसळणं; त्याने पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम, एएलपी खोटे कमी येतात). ते शब्द दिसले की संपलंच ना, विचार करायला उरतं काय? रिपोर्ट व्हॅलिडेट करताना स्क्रीनवर ऑप्शन येत नाहीत, कमेंटची रिकामी चौकट येते आणि पलीकडे वॉर्डमधला डॉक्टर थांबलेला असतो.

केस-कमेंटमध्ये तीच रिकामी चौकट मिळते. रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स ऑफ ऑस्ट्रेलेशियाच्या क्वालिटी अ‍ॅश्युरन्सवाल्यांनी पेशंट रिपोर्ट कमेंट्स म्हणून असाच प्रोग्राम चालवलाय. थोडी हिस्ट्री आणि रिझल्ट देतात, आपण डॉक्टरसाठी कमेंट लिहायची. आता वरचीच केस घ्या. आकडा सोडायचा की रोखायचा? फोन आधी करायचा का? या पोटॅशियमवर उपचार नकोत हे तर लिहायचंच, पण खरं पोटॅशियम नॉर्मलच असेल असंही गृहीत धरू नका, ताजं सॅम्पल लगेच पाठवा, ईडीटीएवाल्या पर्पल ट्यूबमधून ओतलेलं नको, हे सगळं दोन-तीन ओळींत बसवायचं म्हणजे चांगलाच कस लागतो. नंतर सगळ्यांच्या कमेंट नाव न सांगता समोर येतात, कुठली योग्य आणि कुठली दिशाभूल करणारी हे तज्ज्ञांनी लावलेलं असतं. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते तिथे. थोडंच ईडीटीए आलं असेल तर कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं आणि पोटॅशियम मात्र खोटं वाढलेलं असतं, तेव्हा शंका असेल तर ईडीटीएच मोजा, असा मुद्दा कोणीतरी मांडतो आणि दुसऱ्या दिवशी आपण बॉर्डरलाइन पोटॅशियमकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तोटे आहेतच. निकाल उशिरा येतो, लिहायला वेळ जातो, तज्ज्ञांचं मत प्रत्येक वेळी पटेलच असं नाही, आणि नुसते क्रेडिटचे आकडे बघितले तर वेबिनार स्वस्तात पडतो. नवीन विषयाची ओळखच नसेल तर आधी वेबिनारच बघा, बायोटिन या व्हिटॅमिनमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांत टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी4 खोटं जास्त कसं येतं हे माहीतच नसेल तर कमेंट काय लिहिणार.

पण दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी कमेंटवालंच घेईन. प्रोग्राम मिळत नसेल तर लॅबमधल्या तीन-चार जणांनी आठवड्याची एक केस घेऊन हे घरच्या घरी पण करता येतं, फक्त चर्चेआधी प्रत्येकाने आपली कमेंट लिहून ठेवायची, नाहीतर सिनियर बोलला की सगळे त्याच्याच मागे जातात.