गंजलेले स्टेअरिंग क्लच: एक खोलला, एक नुसता हिसडून सोडवला. आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर डोझर सुरू केला आणि तो शेडमधून निघाला तो थेट शेजारच्या काकांच्या कलमांच्या दिशेने. वळवायला उजवा लिव्हर ओढला, काही नाही. डावा ओढला, तोही तसाच. घाबरून ब्रेक दाबला तर वळायचं राहिलं बाजूला, अख्खा डोझरच जागेवर उभा. काका गडग्यावर बसून बघत होते. म्हणाले, "रे बाबू, तुझो डोझर सरळमार्गी झालो!"

यंत्र म्हणजे कॅटरपिलरचा डी-४, ७यू मालिकेतला. ही मालिका १९४७ ते १९५९ या काळात निघाली, म्हणजे हा माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि ते फिरवायला बाजूला दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन. मी तो मिरजेकडच्या एका बागायतदाराकडून घेतला. तिथल्या कोरड्या हवेत तो वर्षानुवर्षं उघड्यावर उभा होता आणि त्याला काही झालं नव्हतं. मी कोकणात आणून दोन पावसाळे तसाच उघड्यावर ठेवला. शेड बांधली ती दुसरा पावसाळा अर्धा उलटल्यावर. चूक कुणाची हे वेगळं सांगायला नको.

जेसीबीच्या जमान्यात हे धूड कशाला, असं सगळे विचारतात. खणायला जेसीबीच बरा. पण काजूसाठी उतारावर पायऱ्या पाडायच्या, माती ढकलून एका पातळीत आणायची, तर चाकांऐवजी चेनवर चालणाऱ्या डोझरसारखं काम दुसरं यंत्र करत नाही. आमच्याकडे जेसीबीचा तास बाराशे रुपये चाललाय, तो भाग आणखी वेगळा.

ज्यांनी हे यंत्र आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याला ट्रॅक्टरसारखा डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडी) नसतो. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पिनियन या छोट्या गिअरने क्राउन या मोठ्या गिअरवरून आडव्या शाफ्टवर जाते आणि त्या शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्लच असतात, एक डाव्या चेनचा, एक उजव्या. प्रत्येक क्लच म्हणजे प्लेटांची चळत. एक प्लेट नुसत्या लोखंडाची, एक लायनरची (म्हणजे घट्ट पकड धरणारं अस्तर लावलेली), एकाआड एक, आणि स्प्रिंगांनी त्या कायम एकमेकींवर दाबलेल्या. लिव्हर ओढला की दाब सुटतो, त्या बाजूची चेन मोकळी होते आणि डोझर तिकडे वळतो. आणखी झटकन वळायचं तर क्लचच्या बाहेरच्या ड्रमवरचा बँड ब्रेक, म्हणजे ड्रमभोवती आवळणारा पट्टा, पायाने दाबायचा. डी-४ मध्ये हे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. त्यामुळे आत पाणी शिरलं की प्लेटा एकमेकींना आणि ड्रमच्या दात्यांना गंजाने चिकटतात. मग लिव्हर कितीही ओढा, आत काही हलत नाही. आणि अशा वेळी एक ब्रेक दाबला की क्लचमधून तो आख्खा शाफ्टच धरला जातो, म्हणून दोन्ही चेना थांबतात.

खालचे ड्रेन प्लग काढायला गेलो तेव्हा खरा प्रकार कळला. डाव्या बाजूचा प्लग निघाला आणि अर्धा तांब्या विटकरी पाणी आलं. उजवीकडचं भोक चिखलाने असं बंद झालं होतं की आधी जाड तार घालावी लागली. तार ओढली आणि चहासारखं लाल पाणी भळाभळा वाहायला लागलं. बादलीत मोजलं, दीड लिटरच्या वर. पाणी येत होतं सीटखालच्या पत्र्याच्या फटीतून. तिथलं पॅकिंग कधीच कुजलं होतं.

पहिला उपाय सगळे सांगतात तोच केला. प्लग परत लावले, वरचं झाकण काढून आत डिझेल ओतलं आणि दोन दिवस मुरू दिलं. (यासाठी रॉकेल चांगलं, पण ते आता मिळतं कुठे?) मग डिझेल काढून टाकलं, इंजिन गरम केलं, दोन्ही लिव्हर मागे ओढून सुताच्या दोरीने सीटला बांधले आणि मोकळ्या मळ्यावर पुढे-मागे हिसके. वरच्या गिअरमध्ये हातक्लच (इंजिनाचा मुख्य क्लच, याला तो हाताने लावतात) लावायचा, वेग आला की एका बाजूचा ब्रेक दाबायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी डावीकडून बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज आला आणि डोझर गर्रकन डावीकडे फिरला. मी इतका खूश झालो की लिव्हर सोडायचं विसरलो आणि पूर्ण गिरकी घेतली.

उजवा मात्र ढिम्म. आणखी चार दिवस हिसके दिले. शेवटी ज्यांनी हा डोझर मिरजेला असताना सांभाळला होता त्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दोन हिसके बघितले आणि हात वर केला. "मालक, आता बास करा. गिअर मोडंल, पण ही प्लेट सुटायची न्हाई." त्यांचं बरोबर होतं. हिसक्यांचा सगळा मार क्राउन-पिनियनवर बसतो, आणि ते भाग शोधत फिरण्यापेक्षा क्लच खोलणं परवडतं.

खोलायचं म्हणजे सीट, तिच्यामागची डिझेलची टाकी, लिव्हरची जोडणी, ब्रेकचा बँड, सगळं बाजूला. मग ड्रमच्या दोन्ही बाजूंच्या फ्लँजचे बोल्ट. समोर एका वेळी दोन-तीनच बोल्ट येतात. ते सोडवायचे, डोझर चार बोटं पुढे घ्यायचा, पुढचे दोन-तीन. अख्खा दिवस यात गेला. संध्याकाळी चेनब्लॉकने तो गोळा वर उचलला तेव्हा तो क्लच आहे असं कुणी म्हटलं नसतं. कडेने बघितलं तर प्लेटा मोजताच येत नव्हत्या, गंजाची एकच भिंत.

इथे एक गोष्ट जपून. आतल्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात. बोल्ट सरळ सोडवले तर झाकण तोंडावर येतं. मिस्त्रींनी आटे पाडलेले तीन लांब रॉड आणले होते. तीन बोल्टांच्या जागी ते घालायचे, बाकीचे बोल्ट काढायचे आणि मग तिन्ही नट पाळीपाळीने एकेक फेरा ढिले करत दाब उतरवायचा. दुसरी गोष्ट लायनरच्या धुळीची. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. कंप्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला साधा रुमाल नाही, चांगला मास्क लावा. मिस्त्री हसले, पण त्यांनाही लावायला लावला.

प्लेटा छन्नीने सुट्या केल्या, धारेपेक्षा धीराने. लोखंडी प्लेटांचा गंज काढायला दोन प्रकार करून बघितले. कोणीतरी साखर कारखान्यातल्या पातळ काळ्या मळीच्या पाण्यात बुडवायला सांगितलं होतं. मळी आणायची कुठून, म्हणून मी खराब झालेला काळा गूळ पाण्यात कालवला. पंधरा दिवसांनी वरवरचा गंज हाताने निघाला, खोल गेलेला तसाच, आणि पिंपाशी नाक लावायची सोय उरली नाही. मुंग्यांचं साम्राज्य झालं ते वेगळंच. दुसरा प्रकार विजेचा, आणि तोच खरा कामाचा. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची वजा बाजू प्लेटेला आणि अधिक बाजू बांधकामाच्या सळीच्या तुकड्यांना. स्टेनलेस स्टीलचा चमचा-पळी अधिक बाजूला लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून पिंप उघड्या पडवीत. रात्रभरात प्लेट काळी पडून येते, तारेच्या ब्रशने पुसली की खाली स्वच्छ लोखंड. स्प्रिंगा मात्र यात घालू नयेत, हायड्रोजनने कडक पोलाद ठिसूळ होतं. त्या हातानेच घासल्या आणि एका ओळीत उभ्या करून उंची सारखी आहे ना ते बघितलं.

प्रत्येक प्लेट जाड काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सपाट आहे का पाहिली. दोन वाकडी निघाली, ती लेथवाल्याकडून नवी करून घेतली. नव्या लायनरचा अनुभव मात्र वाईट. पहिला संच ज्या दुकानातून मागवला त्यांनी रिव्हेटची भोकं भलत्याच मापावर पाडली होती आणि जाडीही एकसारखी नव्हती. परत पाठवला, पैसे मिळायला दीड महिना लागला. दुसरीकडे जुनी प्लेट नमुन्याला देऊन तिच्यावरच लायनर बसवून घेतले, तेव्हा जमलं. मिस्त्रींची मजुरी धरून उजव्या बाजूचा एकूण खर्च ४१ हजार.

एक काम आम्ही जवळजवळ विसरलो होतो. ड्रमच्या दात्यांवर वर्षानुवर्षांच्या घासण्याने प्लेटांच्या खाचा पडलेल्या असतात. बोट फिरवलं की नखाला पायऱ्या लागतात. तशाच ठेवल्या तर नवी प्लेट त्या खाचेत अडकते आणि क्लच अर्धवट सुटतो. मिस्त्री कानशीने एकेक दाता साफ करत दोन दिवस बसले होते. माझ्या मते या सगळ्या दुरुस्तीत मोलाचं काम तेच.

डिसेंबरात जोडणी झाली. तेव्हापासून वहीत १८५ तासांची नोंद आहे, आणि एकाच यंत्रावर दोन तऱ्हेचे क्लच असल्यामुळे फरक रोज हाताला कळतो.

उजवा हवा तितकाच सुटतो. थोडा ओढला तर डोझर थोडा झुकतो, पूर्ण ओढला तर वळतो. पायरीच्या कडेला पाटा (माती ढकलणारं पुढचं पातं) घासत नेताना हा थोडेपणा फार उपयोगी. एप्रिलमध्ये तो घसरायला लागला, पण चूक माझी होती. रिलीज बेअरिंगला, म्हणजे लिव्हर ओढल्यावर क्लचचा दाब सोडवणाऱ्या बेअरिंगला, पंपाने मन भरेस्तोवर ग्रीस मारलं आणि जादा ग्रीस प्लेटांवर उडालं. रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनने धुतला, प्लग काढून दोन दिवस वाळवला, परत ठीक. आता दोन फटके ग्रीस, बस. लिव्हरला थोडी मोकळी चाल ठेवायचंही तेव्हाच शिकलो. ती नसेल तर बेअरिंगवर सतत भार येतो.

डावा पहिले दोन दिवस डिझेलच्या ओलीमुळे घसरला, मग धरायला लागला, आणि तेव्हापासून त्याला फक्त दोनच गोष्टी कळतात: हो किंवा नाही. मधलं काही नाही. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दोन तास माती ढकलली की लिव्हर पूर्ण ओढूनही चेन ओढत राहते, मग ब्रेक द्यावाच लागतो. डावा ब्रेक आतापर्यंत तीनदा आवळलाय, उजवा एकदा. म्हणजे न खोलून वाचवलेले पैसे मी ब्रेकच्या लायनरमध्ये हप्त्याने भरतोय.

याची भीती कळली ती उतारावर. उतरताना डोझरचं वजनच त्याला पुढे ओढत असतं, तेव्हा नुसता लिव्हर ओढला की ती चेन सुटून जोरात धावते आणि डोझर उलट्या बाजूला वळतो. अशा वेळी लिव्हरबरोबर ब्रेक द्यायचा किंवा उलटा लिव्हर ओढायचा, हे जुन्या चालकांच्या अंगात भिनलेलं असतं. पण क्लच सुटेल की नाही याचीच खात्री नसेल, तर तो कुठे वळेल हे कोण सांगणार? मार्चनंतर मी डावीकडे खोल दरी असलेल्या पायऱ्यांवर जाणं बंद केलं.

या पावसाळ्यात सीटखालच्या फटीला रबर बसवलं, ड्रेन प्लग काढून भोकाला बारीक जाळी लावली, दोन्ही लिव्हर मागे ओढून बांधून ठेवले म्हणजे प्लेटा सुट्या राहतील, आणि वर ताडपत्री. दर आठवड्याला सुरू करून शेडच्या आतच हलवायचं ठरवलं होतं, पण जुलैत लावणीच्या गडबडीत बारा दिवस तो तसाच राहिला. तेराव्या दिवशी उजवा लोण्यासारखा सुटला. डावा परत चिकटला होता. पहिल्याच हिसक्याला सुटला हे खरं, पण तो बार ऐकून पोटात गोळा आला.

डाव्याचे बोल्ट सोडवायला तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरलाय, मिस्त्रींनाही कळवलंय. काकांनी मात्र आतापासूनच कलमांपुढे जांभ्याचे दोन चिरे आडवे टाकून ठेवलेत.